१९४७ ची ब्युइक सुपर: खान्देशच्या उन्हात चालवायची तर काय बदलावं, काय बदलू नये?

जिनवाला_पाचोरा

राम राम मंडळी.

जुन्या गाड्यांच्या धाग्यावर मी फोटो टाकल्यापासून निरोपांवर निरोप येत आहेत, म्हणून वेगळा धागाच काढतो. गाडी १९४७ ची ब्युइक सुपर, चार दारांची सेडान, स्टेअरिंग उजवीकडे. एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात सरकीच्या पोत्यांमागे उभी होती. वाटण्या झाल्या तेव्हा जमीन सगळ्यांना हवी होती, ही कुणालाच नको होती, म्हणून आमच्या दारात आली. कागद पक्के आहेत. इंजिन नंबर, चासी नंबर बुकाशी जुळतात.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: एका ओळीत आठ सिलिंडर, २४८ क्यूबिक इंच म्हणजे सुमारे ४.१ लिटर, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, ११० हॉर्सपॉवर. तीन गिअर, दांडा स्टेअरिंगखाली. वजन पावणेदोन टनाच्या आसपास. चारही चाकांना कॉइल स्प्रिंग, कमानपाटा औषधालाही नाही. बोनेट डावीकडूनही उघडतं आणि उजवीकडूनही. दोन्ही खटके एकदम ओढले तर अख्खं बोनेट सुटून येतं, म्हणून घरातल्या पोरांना तिथे हात लावू देत नाही. सेल्फला बटण नाही. चावी फिरवायची आणि ॲक्सिलरेटर दाबायचा, त्याच पायाने सेल्फ फिरतो. पहिल्यांदा बसलेला माणूस बटण शोधत राहतो आणि आम्ही मजा बघतो.

गाडी चालते, पण कुरकुरी आहेत:

सकाळी सेल्फ फिरतो, गरम झाली की नुसता कण्हतो. मे महिन्यात रेल्वे फाटकावर उभी राहिली की बंद पडते आणि चांगली थंड होईपर्यंत हूं की चूं करत नाही. ब्रेक दाबला की डावीकडे ओढते. सायलेन्सरमधून निळा धूर येतो.

मेहुणे म्हणतात, जुनं धूड बाहेर काढा, इनोव्हाचं डिझेल इंजिन टाका. चुलतभाऊ म्हणतो एसी बसव, १२ व्होल्ट कर, पुढे डिस्क ब्रेक टाक आणि लग्नसराईत भाड्याने दे. मला गाडी ब्युइकच ठेवायची आहे, पण चालवायचीसुद्धा आहे. शोकेसमध्ये ठेवायला माझ्याकडे शोकेस नाही. जाणकारांनी बोलावं.

फोरमन_भुसावळ

भाऊ, अभिनंदन आधी. आता ऐका. कुठलंही अपग्रेड करायच्या आधी गाडी कंपनीतून निघाली तशी होऊ द्या, मग ठरवा काय कमी पडतंय. तुमच्या यादीतल्या निम्म्या तक्रारी डिझाइनच्या नाहीत, मधल्या मिस्तरींच्या आहेत.

सेल्फचं घ्या. तुमची गाडी ६ व्होल्टची, आणि ६ व्होल्टला तेवढंच काम करायला करंट दुप्पट लागतो. कमी दाबाच्या पाण्याला जसा मोठ्या व्यासाचा पाइप लागतो, तशी इथे केबल जाड लागते. मधल्या काळात कुणीतरी बाजारातली नेहमीची १२ व्होल्टची केबल टाकलेली असणार, पैज लावतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरं सेल्फच्या टर्मिनलवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटर जेवढं दाखवेल तेवढा व्होल्ट रस्त्यात मेला. मग हेच अर्थच्या, म्हणजे बॅटरीची जी बाजू चासीला जोडलेली असते तिच्या, बाजूने करा. १२ व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट गेला तर कळत नाही, सहामधून एक गेला की गाडी कण्हते. बोटाएवढ्या जाडीची तांब्याची केबल, अर्थच्या जागचा रंग पत्र्यापर्यंत खरवडलेला, आणि इंजिनपासून चासीला एक जादा पट्टी. एवढं केल्यावरही १२ व्होल्ट करावंसं वाटलं तर बोलू.

आणि बॅटरी चार्ज करणारा जुना डायनॅमो काढून अल्टरनेटर टाकायचा मोह झाला तर थांबा. ब्युइकमध्ये त्या पायाच्या सेल्फच्या रिलेची (सेल्फला करंट सोडणाऱ्या स्विचची) अर्थ डायनॅमोतून जाते. इंजिन सुरू होऊन डायनॅमोने व्होल्टेज धरलं की रिले आपोआप मरतो, म्हणून चालू गाडीत ॲक्सिलरेटर दाबला तरी सेल्फ परत घुसत नाही. कार्बोरेटरवरचा व्हॅक्यूम स्विच आहेच, पण ही दुसरी राखण. डायनॅमो गेला की ती राखण गेली. वायरमनला हे माहीत नसेल तर चालत्या गाडीत फ्लायव्हीलचे दात जातील.

इम्पाला_देवपूर

मी धुळ्याचा. माझ्याकडे १९६३ ची इम्पाला आहे आणि तिच्यात मॅटाडोरचं डिझेल इंजिन आहे. मी टाकलं नाही, आधीच्या मालकाच्या आधीच्या मालकाने टाकलं. मूळचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन कुठल्या भंगारात गेलं देव जाणे. लोक नावं ठेवतात, पण तेव्हाची परिस्थिती समजून घ्या. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव असे भडकले की एवढाल्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. ज्यांनी डिझेल टाकलं त्यांच्याच गाड्या आज जिवंत आहेत, बाकीच्यांचा पत्रा झाला.

म्हणून जिनवाला भाऊ, मेहुण्यांना एकदम वेड्यात काढू नका. आवाज ट्रॅक्टरचा येतो हे खरं, पण लळिंग घाट मी न थांबता चढतो.

फोरमन_भुसावळ

देवपूर भाऊ, इम्पालाला जमतं ते ब्युइकला जमत नाही, कारण खालची रचना वेगळी आहे.

ब्युइकचा मागचा शाफ्ट उघडा नाही. तो एका जाड नळीत बंद आहे, टॉर्क ट्यूब म्हणतात तिला. मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्सपासून निघून ती गिअरबॉक्सच्या शेपटीला मोठ्या गोल बॉलमध्ये बसते. मागची चाकं गाडीला जो धक्का देतात तो या नळीतून गिअरबॉक्सवर आणि तिथून चासीवर जातो. मागचे कॉइल स्प्रिंग फक्त वजन झेलतात, ॲक्सलला जागेवर धरत नाहीत. आता गिअरबॉक्स बदलला की नळी कशाला जोडणार? मग नळी काढा. नळी काढली की ॲक्सल मोकळा. मग त्याला धरायला पाटे टाका किंवा दांडे टाका, त्यासाठी चासीवर वेल्डिंग करा. इंजिन बदलायला निघालात आणि अर्धी गाडी बदलून बसलात. आणि जी पालखीसारखी चाल आहे ना, तीच जाते. मग ब्युइक ठेवली कशाला?

आप्पा_अमळनेर

मी कोर्टकचेरीतला माणूस, पाने धरता येत नाहीत. कायद्याचं तेवढं सांगतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, खाजगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी; चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. अर्ज नमुना २० मध्ये, सोबत जुनं बुक आणि विमा, बाहेरून आणलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा आयातीचा कागद. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५,०००. नवीन नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, पण आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. जिनवाला भाऊ, तुमचा तो नंबर घालवू नका, आमच्या पिढीला त्याची किंमत कळते.

आता दुसरी बाजू. ही नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. धंद्याला तर नाहीच. म्हणजे चुलतभावाचा लग्नाचा बेत तिथेच आटोपला. साध्या खाजगी नोंदणीवरही भाडं घेणं बेकायदा आहेच, फक्त लोक करतात.

ज्याला अधूनमधून पाचोऱ्याहून चाळीसगावला जाऊन चहा प्यायचा आहे त्याने साधी नोंदणी चालू ठेवावी, दर पाच वर्षांनी फिटनेस आणि पर्यावरण कर भरावा, असं माझं मत. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ दोघांनाही लागू आहे. आरटीओच्या परवानगीशिवाय बुकात लिहिलेल्या गोष्टी बदलायच्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर फार कडक निकाल दिला आहे. देवपूरकर, तुमच्या इम्पालाच्या बुकात इंधन काय लिहिलंय ते बघून ठेवा.

इम्पाला_देवपूर

डिझेल लिहिलंय आप्पा, चढवून घेतलेलं आहे. पण विंटेजमध्ये बसणार नाही हे कळलं. असो, आम्ही ट्रॅक्टरच.

तापीकाठचा_गडी

गाडी त लई भारी शे. ॲव्हरेज कितलं देस भो?

जिनवाला_पाचोरा

आला का प्रश्न! लिटरला पाच मिळाले तर त्या दिवशी घरी गोड करतो.

फोरमन दादा, केबल बघितली. १२ व्होल्टचीच निघाली. बदलायला टाकली आहे. आप्पा, जुना नंबर जाऊ देणार नाही, निश्चिंत राहा. इंजिन बदलाचा विषय माझ्याकडून संपला, मेहुण्यांना हा धागा वाचायला दिलाय. आता उन्हाचं बोला, कारण मला खरी भीती त्याचीच आहे.

सावद्याची_प्लायमाउथ

नमस्कार. मी सावद्याची. आमच्या वडिलांची केळीची आडत होती, त्यांनी घेतलेली प्लायमाउथ अजून चालू आहे, कुर्ल्याला प्रीमियरने जोडलेली. साइड व्हॉल्व्हचं सहा सिलिंडर, आठ नाही. एक आधीच सांगते, आमची पॉझिटिव्ह अर्थ आहे आणि तुमची ब्युइक निगेटिव्ह. जुनी अमेरिकन गाडी म्हणजे उलटी बॅटरी असं समजून गॅरेजवाले लावून मोकळे होतात. तुमच्याकडे असं होऊ देऊ नका.

उन्हाचं म्हणाल तर गरम होणं आणि बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सगळे एकत्र करतात. काटा लाल रेघेवर गेला तर पाण्याचा प्रश्न. काटा मधे असताना गाडी मेली तर पेट्रोलचा प्रश्न. तुमची फाटकावर मरते तेव्हा काटा कुठे असतो?

पाण्याचा असेल तर रेडिएटर री-कोअर करायला धावू नका. आधी ब्लॉक. आपल्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, आणि अशा गाड्यांत वर्षानुवर्षं तेच ओतलेलं. आम्ही ब्लॉकचे कोअर प्लग, म्हणजे बाजूची पत्र्याची बुचं, काढले तेव्हा आत गिरणेच्या पुरात साचतो तसा गाळ होता. मागच्या सिलिंडरकडे तर पाणी पोहोचतच नव्हतं. तार घालून खरवडून काढला, मग दाबाने पाणी मारलं. त्यानंतर नळाचं पाणी बंद, डिस्टिल्ड आणि कूलंट. थर्मोस्टॅट काढून फेकणारे मिस्तरी आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, त्यांना हात लावू देऊ नका. स्पार्कचं टायमिंग मागे असेल तरी इंजिन तापतं, तेही एकदा लाइट लावून बघा.

वरातीत गाडी का उकळते हेही सांगते, कारण हे सगळे अनुभवतात आणि गाडीला दोष देतात. पंखा आणि वॉटर पंप दोन्ही इंजिनच्या पट्ट्यावर. डीजेच्या मागे पावलापावलाने गाडी चालली की इंजिन आयडलला, पंखा मंद, पाणी मंद, वारा शून्य, वर ४५ अंश. त्यावर इलाज म्हणून लोक इलेक्ट्रिक पंखा सुचवतात. ६ व्होल्टवर तो एवढा करंट खातो की आयडलला डायनॅमो त्याला पुरा पडत नाही, बॅटरी उतरते. त्यापेक्षा रेडिएटर आणि पंखा यांच्यामधे पत्र्याचा श्राउड करून घ्या. पंख्याची हवा बाजूने निसटत नाही, सगळी जाळीतून येते. चार बोल्टवर बसतो, नको तेव्हा निघतो. आणि वरातीला गाडी देऊच नका हे आहेच.

जिनवाला_पाचोरा

ताई, काटा मधेच असतो. म्हणजे पेट्रोल.

फोरमन_भुसावळ

ताईंनी बरोबर नाडी धरली. तर मग दोन जागा.

एक, कार्बोरेटरखालचा हीट रायझर. ब्युइक बनायची मिशिगनमधल्या फ्लिंटला, तिथे हिवाळ्यात बर्फ. कार्बोरेटर थंडीने गोठू नये म्हणून एक्झॉस्टची गरम हवा त्याच्या बुडाखालून फिरवायची सोय केलेली आहे, मधे एक झडप. ती झडप गंजून गरमच्या बाजूला अडकली की पाचोऱ्याच्या मे महिन्यात तुम्ही कार्बोरेटरखाली चूल पेटवून हिंडताय. झडप मोकळी करून थंडच्या बाजूला तारेने बांधा, नाहीतर मधे पातळ पत्रा घालून वाटच बंद करा. आपल्याकडे त्या उष्णतेची गरज नाही. काढायचं म्हटलं तर पॅकिंगच्या खर्चात परत मूळ होतं.

दोन, पेट्रोलची नळी. इंजिनजवळून जाते तिथे गरम होऊन आत वाफ धरते, मग इंजिनवरचा एसी कंपनीचा पेट्रोल पंप वाफ ओढत बसतो आणि कार्बोरेटरच्या फ्लोटमध्ये थेंब येत नाही. पंपावर ओलं फडकं टाकणं हा आपला पिढीजात उपाय आहेच. पक्का उपाय म्हणजे मागे टाकीजवळ ६ व्होल्टचा छोटा इलेक्ट्रिक पंप, स्वतंत्र स्विचवर. नळी वाफेवर असेल तेव्हा मागून दाबायची. महिनाभर उभी गाडी सुरू करतानाही बॅटरी वाचते.

पंपवाला_चोपडा

मी पेट्रोल विकतो, त्यामुळे या विषयात मला बोलायचा हक्क आहे. वाफेचं प्रमाण वाढण्यात आताच्या पेट्रोलचा हात आहे. २० टक्के इथेनॉल आहे त्यात. आपल्याच मक्याचं आणि उसाचं, शेतकऱ्याचं भलं होतं, माझी तक्रार नाही. पण १९४७ च्या गाडीला ते कुणी विचारून घातलेलं नाही.

ऑक्टेनची काळजी करू नका, तुमचं कॉम्प्रेशन एवढं कमी की साधं पेट्रोल पुरून उरतं. काळजी रबराची. जुन्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचं ॲक्सिलरेटर पंपाचं वॉशर, सगळं इथेनॉलला टिकणारं घाला. टाकीतल्या काट्याचा फ्लोट कॉर्कचा असेल तर त्यावरची लाख इथेनॉलमध्ये सुटते, कॉर्क पेट्रोल पितो आणि काटा कायम रिकामा दाखवतो. इथेनॉलमुळे मिश्रण जरा पातळ होतं, तेव्हा जेट किंचित मोठा लागेल. आणि टाकी अर्धी भरून चार महिने ठेवू नका. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात तर विचारू नका, आणि ते पाणी जड होऊन खाली बसतं. पत्र्याची टाकी मग आतून गंजते. एक तर चालवत राहा, नाहीतर टाकी रिकामी करा.

तापीकाठचा_गडी

मनी जीप भी उन्हायामा आसंच करस. आते समजनं.

कन्नडघाट_चाळीसगाव

ब्रेकचं कुणीच बोललं नाही. आम्ही घाटाखालचे, आम्हाला आधी ब्रेक दिसतात.

एका बाजूला ओढते तर तीन गोष्टी. व्हील सिलिंडर जाम, लायनरवर तेल किंवा ग्रीस, किंवा ब्रेक ऑइलची जुनी रबरी नळी, होज, आतून सुजलेली. होजचं कुणाला सुचत नाही. बाहेरून ठणठणीत दिसते, पण आत भोक बुजलेलं. दाब जातो, परत येत नाही, त्या चाकाचा ब्रेक धरून बसतो. चाक जॅकवर घ्या, ब्रेक मारून सोडा, हाताने फिरवा. अडलं तर नोजलचा बोल्ट जरा ढिला करा. तेल उडालं आणि चाक मोकळं झालं तर त्या चाकाकडची होज बदला.

डिस्क ब्रेकचं म्हणाल तर माझा विरोध आहे. चाकाकडचे भाग बदलावे लागतात, आणि ड्रमची काहीच चूक नसते. हे ड्रम मोठे आहेत. व्हील सिलिंडरला पितळी स्लीव्ह मारून घ्या, लायनर ड्रमच्या गोलाईला घासून बसवा, होज सगळ्या नव्या. गाडी उभी राहते.

एक बदल मात्र मी करायला सांगेन. मास्टर सिलिंडर. तुमचा एकच सर्किटचा आहे. एक नळी फुटली की चारही चाकं गेली, पायाखाली नुसती हवा. दोन भागांचा मास्टर सिलिंडर टाकला तर पुढचे किंवा मागचे, दोन तरी राहतात. तो ड्रायव्हरच्या पायाखाली चासीला बसतो, झाकण फरशीतल्या भोकातून उघडतं, बाहेरून कुणाला दिसतही नाही. जुना जपून ठेवा. ब्रेक ऑइल दरवर्षी बदला, तेही हवेतलं पाणी पितं. आणि घाट उतरताना सेकंड गिअर. ब्रेकवर पाय ठेवून अख्खा औट्रम घाट उतरणारे मी पाहिलेत, खाली त्यांच्या ड्रमवर भाकरी भाजली असती.

आप्पा_अमळनेर

मास्टर सिलिंडरचं आरटीओला कळवून ठेवलेलं बरं. सुरक्षेसाठी केलंय म्हटल्यावर कुणी अडवत नाही, पण लेखी असावं.

फोरमन_भुसावळ

निळ्या धुराचं राहिलं. रिंग-पिस्टनच्या खर्चाला हात घालायच्या आधी एक फुकटची तपासणी. तुमचा एसी पंप दुहेरी आहे: एक भाग पेट्रोल ओढतो, दुसरा वायपरसाठी व्हॅक्यूम करतो. त्या व्हॅक्यूमच्या पडद्याला चीर गेली की इंजिनचं ऑइल तिथून ओढलं जाऊन मॅनिफोल्डमध्ये येतं आणि जळतं. मॅनिफोल्डकडची ती नळी काढा, भोक बुच लावून बंद करा आणि गाडी फिरवा. धूर गेला तर पडदा बदला आणि रिंग-पिस्टनचे पैसे बँकेत ठेवा. वायपर त्या दिवशी चालणार नाहीत, ढग बघून निघा.

ऑइल कोणतं टाकता? या इंजिनचे टॅपेट सपाट आहेत, त्यांना झिंकचं प्रमाण बरं लागतं. ट्रक-ट्रॅक्टरचं १५ डब्ल्यू ४० चालतं. पण इंजिन कधीच उघडलेलं नसेल तर आधी चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, उतरवून गाळ काढा, नाहीतर नवं ऑइल तो सगळा गाळ सोडवून ऑइल पंपाच्या जाळीत आणून बसवेल.

जिनवाला_पाचोरा

बरेच दिवस गायब होतो, कापसाचा सीझन. काम झालंय त्याचा हिशेब देतो.

केबल आणि अर्थ: सेल्फ गरम इंजिनवरही एका झटक्यात. १२ व्होल्टचा विषय बंद. हेडलाइट सुद्धा उजळले, त्यांच्याही अर्थ सडक्या होत्या.

हीट रायझर: झडप खरंच गरमच्या बाजूला घट्ट. वाट बंद केली. मागे इलेक्ट्रिक पंप लावला. मे महिना येईल तेव्हा खरं कळेल, पण ऑक्टोबर हीटमध्ये फाटकावर दोन मालगाड्या जाईपर्यंत उभी होती, मेली नाही.

ब्रेक: पुढची डावी होज. चाळीसगावकरांनी सांगितलं तसंच तेल उडालं आणि चाक सुटलं. होज सगळ्या बदलल्या, स्लीव्ह मारल्या. मास्टर सिलिंडर यायचा आहे.

धूर: नव्वद टक्के गेला. पडदाच होता.

आता नवीन. चेंबर उतरवलं तेव्हा कनेक्टिंग रॉडची बेअरिंग बघितली. सुटे, बदलता येणारे शेल नाहीत, रॉडमध्येच बॅबिट (मऊ व्हाइट मेटल) ओतलेलं आहे. दोन रॉडना खेळ जास्त आहे. परदेशातून करून आणायचं तर रॉड पाठवा, महिने थांबा, परत येताना कस्टम. कुणी इथे करतं का?

फोरमन_भुसावळ

आपल्याकडे नाही तर कुठे होणार! जुनी ऑइल इंजिनं, जिनिंगच्या लाइन शाफ्टचे ब्रॅकेट, डाळमिलची यंत्रं, सगळ्यांना व्हाइट मेटल ओतलेलंच असायचं. जळगावात लेथवर बसणारे म्हातारे मिस्तरी अजून आहेत, त्यांच्याकडे जा. पण समोर उभं राहून करून घ्या. रॉडचं जुनं मेटल पूर्ण वितळवून काढलं पाहिजे, आतून कल्हई नीट चढली पाहिजे, रॉड गरम असतानाच ओतलं पाहिजे. थंड रॉडवर ओतलं की दिसायला छान, पण पकडत नाही, हायवेवर सोलून येतं. टिचकी मारून बघा: घट्ट धरलेला रॉड खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द. मग क्रँकच्या मापाला बोअर. आणि तोपर्यंत ताशी ६० च्या वर नेऊ नका. तुमचा डिफरन्सचा गिअर रेशो तसाही हायवेचा नाही.

काही जण रॉड कापून शेल बसवतात, ब्युइकने स्वतःही नंतर तेच केलं. चालतं, पण कापलेला रॉड परत जुडत नाही. ओतकाम करणारा माणूस तासाभराच्या रस्त्यावर असताना मी कापणार नाही.

इम्पाला_देवपूर

टायरचं काय करता? ६.५०-१६ ना?

जिनवाला_पाचोरा

हो. दुकानदार म्हणाला, हा घ्या, साइज तंतोतंत. बघतो तर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा. साइज तीच हे खरं! उभ्या रेघांचा तो टायर लावून ब्युइक हायवेवर नेली तर ब्रेकवाले चाळीसगावकर मला गावात येऊ देणार नाहीत. मुंबईहून क्लासिक गाड्यांचे मागवले. महाग आहेत, सांगत नाही किती, बायको हा धागा वाचते.

एसी बसवत नाही, काचा खाली करून चाललंय.

अजून एक. थांबते तिथे गिअरबॉक्सखाली ऑइलचा डाग नाही, तरी गिअरबॉक्सचं ऑइल दर वेळी कमी भरतं. जातं कुठे?

फोरमन_भुसावळ

डाग नाही म्हणूनच शंका येते. मागे सांगितला तो टॉर्क ट्यूबचा बॉल. त्याच्या आतला सील गेला की गिअरबॉक्सचं ऑइल नळीतून घसरत मागे डिफरन्समध्ये जाऊन बसतं. बाहेर थेंब नाही. मग डिफरन्स फुगतो, जादा ऑइल ॲक्सलच्या टोकातून मागच्या ब्रेकवर येतं, आणि नवे लायनर भिजतात. सील स्वस्त आहे, पण बदलायला अख्खा मागचा ॲक्सल नळीसकट मागे ओढावा लागतो. दोन दिवस, चार माणसं आणि पक्की फरशी हवी.

आधी खात्री करा. सपाट जागेवर गाडी लावा, डिफरन्सचा भरायचा प्लग उघडा, खाली डबा ठेवा. पातळी प्लगाच्या काठापर्यंतच हवी. उघडल्या उघडल्या धार लागली तर समजा सील गेलेला आहे. कळवा.

जिनवाला_पाचोरा

धार लागली. डबा छोटा पडला. दादा, कधी येताय? फरशी आहे, माणसंही आहेत, कळण्याची भाकरी आणि भरीत माझ्याकडे.

सावद्याची_प्लायमाउथ

भरिताची वांगी मी पाठवते, बामणोदची. बॉल उघडलात की फोटो टाका, मलाही आत बघायचंय.